भंगारवाड्यातल्या जुन्या गाड्यांचे फोटो: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा भंगारवाड्यात कॅमेरा घेऊन गेलो तेव्हा चार तासांत सहाशेच्या वर फोटो काढले. घरी येऊन ते संगणकावर टाकले आणि पाहता पाहता तोंड उतरलं. गंजलेलं बोनेट, फुटलेला हेडलाइट, परत गंजलेलं बोनेट. गाड्या वेगवेगळ्या, फोटो एकच. लग्नाच्या पंगतीत हावऱ्यासारखं सगळंच ताटात वाढून घ्यावं आणि कशाचीच चव लागू नये, तसं झालं होतं. तेव्हापासून एक हिशोब पक्का केला आहे: एका फेरीला तीन गाड्या पुष्कळ झाल्या. त्या तीन कशा निवडायच्या, तिथपर्यंत धड कसं पोचायचं आणि पोचल्यावर काय करायचं, तेवढंच इथे सांगतो.

आधी परवानगी

टाकून दिलेली दिसते म्हणून गाडी बेवारस नसते. जमीन कुणाची तरी असते, गाडीही कुणाची तरी असते, आणि कुंपण ओलांडून आत जाणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. रात्री गुपचूप शिरून काढलेल्या फोटोंचं अनेकांना कौतुक वाटतं, मला वाटत नाही. अशा एका फोटोपायी मालक पुढच्या दहा जणांना फाटकातूनच परत पाठवतो.

मालकाला खरी भीती तीन गोष्टींची असते: कुणी सुटे भाग चोरेल, कुणी पडून झडून त्याच्यावर दावा लावेल, किंवा कुणी सांडलेल्या तेलाचे फोटो काढून तक्रार करेल. म्हणून पहिल्या भेटीला कॅमेरा न्यायचाच नाही. आधी काढलेले चार-पाच फोटो फोनवर दाखवायचे, किती वेळ थांबणार ते सांगायचं, "इजा झाली तर जबाबदारी माझी" असं लिहून द्यायची तयारी दाखवायची आणि क्रेन किंवा लोडर कधी बंद असतो ते विचारून घ्यायचं. कुत्र्यांबद्दलही तेव्हाच विचारा. फोटो पुढे विकायचा विचार असेल तर तेही आत्ताच बोला. नंतर सांगितलं की माणूस दुखावतो. तोंडी होकार मिळाला की त्याच दिवशी एक छोटा संदेश पाठवून ठेवा, "अमुक दिवशी सकाळी येतो". म्हणजे दोघांकडेही लेखी काहीतरी राहतं.

फोटोग्राफरांना रीतसर आत घेणाऱ्या जागाही जगात आहेत. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या व्हाइट या गावची 'ओल्ड कार सिटी' त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. सुमारे ३४ एकर जंगलात चार हजारांवर गाड्या, त्यांच्यामधून पायवाटा, आणि कॅमेरा घेऊन येणाऱ्याला प्रवेशशुल्क जास्त. स्वीडनमध्ये रिड गावाजवळच्या शिर्के मोसे या दलदलीत जुन्या गाड्या शेवाळात रुतून बसल्या आहेत, आणि तिथल्या पालिकेने त्या २०५० पर्यंत तशाच राहू द्यायचं ठरवलं आहे. पण या बाबतीत कुठल्याही जागेचा भरवसा धरू नये. स्वित्झर्लंडमधल्या काउफडोर्फच्या गाड्या २००९ मध्ये लिलावात गेल्या, बेल्जियममधल्या शातियाँच्या झाडीतल्या रांगा पुढच्याच वर्षी उचलल्या गेल्या. निघण्याआधी जागा अजून आहे का, उघडी आहे का, एवढी चौकशी कराच.

अंगावर काय, पिशवीत काय

जाड तळव्याचे, घोटा झाकणारे बूट. यात तडजोड नाही. भंगारवाड्याची जमीन म्हणजे गवताखाली लपलेल्या काचा, खिळे आणि पत्र्याच्या कडा. पूर्ण बाह्यांचा शर्ट, जाड पँट, कातडी हातमोजे. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत घेतलं नसेल तर आधी घ्या. धनुर्वात गंजामुळे होत नाही, त्याचे जंतू मातीत असतात. पण मातीत पडलेला गंजका पत्रा खोल रुतला की ते आत जायला उत्तम वाट मिळते, म्हणून गंजाचं नाव बदनाम.

गाडीच्या आत डोकावण्याआधी दारावर दोन थापा मारा आणि दोन पावलं मागे सरका. एकदा मी घाईत ग्लोव्ह बॉक्सचं झाकण उघडलं आणि आतल्या गांधीलमाश्यांनी माझी मनगटं टम्म सुजवली. त्या दिवसाचे फोटो एका हाताने काढलेले आहेत, आणि ते तसेच दिसतात. सीटखाली साप असू शकतो, उंदरांच्या लेंड्या तर हमखास. त्यांची धूळ नाकात जाणं धोक्याचं असतं, त्यामुळे आत वाकून काम करायचं तर चांगला मास्क लावा. जुन्या ब्रेकच्या पट्ट्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असतो आणि जुन्या रंगात शिसं, म्हणून पापुद्रे खरवडत बसू नका आणि खाण्याआधी हात धुवा.

एकावर एक रचलेल्या गाड्यांच्या बुडाशी उभं राहू नका. गाडीवर चढू नका, गाडीत बसू नका. खालचा पत्रा पापडासारखा झालेला असतो. आणि एकटे जात असाल तर कुणाला तरी सांगून जा.

सामानाचं म्हणाल तर कॅमेरा, एक ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स, एक ८५ च्या आसपासची, ट्रायपॉड, पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चकाकी घालवणारा फिल्टर), लहान टॉर्च आणि गुडघ्याखाली टाकायला फोमचा तुकडा. तो फोमचा तुकडा लेन्सइतकाच महत्त्वाचा आहे, कारण सगळं काम गुडघ्यांवर बसून होतं. फक्त फोन असला तरी चालेल. मात्र फोनवरच्या अतिरुंद लेन्सपासून लांब राहा, कारण लवकरच सांगतो.

पहिला अर्धा तास कॅमेरा बंद

आत गेल्यावर कॅमेरा पिशवीतच ठेवून पूर्ण वाडा एकदा फिरा. कुठल्या गाडीभोवती मोकळी जागा आहे? कुठली पूर्वेकडे तोंड करून आहे? कुठल्या गाडीत असं काही आहे, जे बाकी कुठेच नाही? बंपरमधून वाढलेलं झाड, मागच्या काचेवरचा जुना स्टिकर, सीटवर राहून गेलेला एक बूट. मी वहीत आठ-दहा गाड्या टिपतो आणि मग त्यांतल्या तीन ठेवतो. देखणी गाडी निवडायचा मोह होतो, पण तिच्यामागे निळी ताडपत्री आणि प्लास्टिकचे ड्रम असतील तर ती सोडा. मागे झाडी किंवा रिकामं आभाळ असलेली साधी, चार दारांची गाडी जास्त चांगला फोटो देते.

याच फेरीत गाडी ओळखायचा प्रयत्न करा. हे केवळ हौशीपुरतं नाही, गाडी कळली की कुठे बघायचं ते कळतं. अमेरिकी गाड्यांच्या मागच्या मडगार्डवरचे ते माशाच्या परासारखे उंचवटे १९४८ च्या कॅडिलॅकवर छोटेसे उगवले आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर सर्वांत उंच झाले. तेव्हा तशी गाडी समोर असेल तर तिचा फोटो मागूनच काढायचा. फोक्सवॅगन बीटलची मागची काच बघा: मधे दांडी असलेल्या दोन छोट्या काचा म्हणजे १९५३ किंवा त्याआधीची, एकच लंबगोल काच म्हणजे १९५७ पर्यंतची, त्याहून मोठी चौकोनी काच म्हणजे नंतरची. पुढच्या बाजूला चार हेडलाइट असलेली अमेरिकी गाडी सहसा १९५७ नंतरची निघते. मॉरिस मायनर या ब्रिटिश गाडीचं ट्रॅव्हलर हे मॉडेल सापडलं तर तुमचं नशीब थोर. तिच्या मागच्या भागाचा सांगाडा अॅश लाकडाचा असतो आणि त्यावर शेवाळ, बुरशी, कधी छोटी रोपंही उगवतात.

उजेड

पोस्टकार्डावरची सोनेरी संध्याकाळ इथे दर वेळी कामाची नसते. क्रोम आणि काच उन्हात डोळ्यांवर येतात, सावल्या काळ्याकुट्ट पडतात, आणि झाडाखालच्या गाडीवर उन्हाचे कवडसे पडले की फोटो चित्त्याच्या कातडीसारखा दिसतो. ढगाळ दिवस निवडा. त्याहून चांगलं म्हणजे पाऊस नुकताच थांबलेला ढगाळ दिवस. कोरडा, खडूसारखा पांढुरका पडलेला रंग ओला झाला की तीस वर्षांनी तरुण होतो आणि गंजाचा नारिंगी, विटकरी, जांभळट असा सगळा पसारा वर येतो. पाणी सुकायला लागेपर्यंत तासभर मिळतो. त्या तासात आधी मोठे पृष्ठभाग उरकून घ्या: टप, बोनेट, दारं.

ऊन असेलच तर ते बाजूने येऊ द्या. गंजाचे पापुद्रे आणि पत्र्यातले पोचे फक्त तिरप्या उजेडातच दिसतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोतले रंग जुळवणारी सेटिंग, ऑटोवर ठेवू नका. फ्रेमभर गंज असला की कॅमेऱ्याला वाटतं हा उजेडच पिवळा आहे, आणि तो गुपचूप निळा मिसळतो. दिवसाच्या किंवा ढगाळ सेटिंगवर अडकवून टाका आणि रॉ फाइल काढा, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बदललेली मूळ फाइल.

पूर्ण गाडी

नवशिक्याची सर्वांत मोठी चूक: उभ्या उभ्या, डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढणं. गाडी वरून पाहिली की खेळण्यासारखी दिसते. खाली बसा. लेन्स हेडलाइटच्या उंचीला आणा, म्हणजे जमिनीपासून साधारण ६० ते ७० सेंटिमीटर. त्या उंचीवरून जुन्या गाडीला चेहरा येतो.

आता अंतर. रुंद लेन्स घेऊन जवळ गेलात की नाक फुगतं आणि मागचा भाग आक्रसतो. त्या काळच्या कारागिरांनी जी रेषा हेडलाइटपासून डिकीपर्यंत एका दमात ओढली आहे, तिचा पार चुराडा होतो. सात-आठ पावलं मागे जा आणि ५० किंवा ८५ वापरा. फोनवर दुप्पट झूमची लेन्स. अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ ८ वर बरं पडतं (आकडा लहान तेवढं छिद्र मोठं आणि मागचं धूसर). मागे दुसऱ्या गाड्यांची गर्दी असेल तर एफ २.८ किंवा ४ वर जाऊन ती विरघळवा. पुढचा तीन-चतुर्थांश कोन, म्हणजे एक बाजू आणि पुढचा भाग दोन्ही दिसेल असा, सगळेच काढतात. तुम्हीही एक काढा आणि मग पाठ, बाजू, खिडकीतून पलीकडे दिसणारी दुसरी गाडी, असं फिरत राहा.

शटर दाबण्याआधी फ्रेमच्या चारही कडांवरून नजर फिरवायची सवय लावा. माझ्या एका बऱ्या फोटोत कोपऱ्यात माझीच पाण्याची बाटली आहे.

१९३० च्या दशकाच्या मध्यात वॉकर इव्हान्स या अमेरिकी फोटोग्राफरने पेन्सिल्व्हेनियात माळरानावर टाकलेल्या गाड्यांचा एक फोटो काढला. त्यात गाड्या लहान आहेत, माळ मोठा आहे आणि गाड्या गुरांसारख्या चरायला सोडल्यासारख्या वाटतात. त्याच काळातल्या एडवर्ड वेस्टन या दुसऱ्या अमेरिकी फोटोग्राफरने १९३९ मध्ये एका मोडक्या गाडीकडे अगदी जवळून पाहिलं. दोघांचेही फोटो निघण्याआधी एकदा पाहून जा. दूर जायचं की जवळ, हा एकच प्रश्न दिवसभर डोक्यात ठेवला तरी निम्मं काम होतं.

जवळून

मला स्वतःला सर्वांत जास्त वेळ इथे लागतो. एका दारासमोर फोम टाकून बसा आणि दहा मिनिटं नुसतं पाहा. वरचा रंग सुकलेल्या चिखलासारखा तडकलेला असतो. तडे गेले आहेत तिथे खालचा लालसर अस्तराचा थर दिसतो, आणि त्याच्याखाली पत्रा. गंज रंगाच्या खालून चालत येतो, म्हणून आधी फोड येतात, मग फोडाची टोपी उडते आणि भोवती एक गडद कडा उरते. काचेच्या रबरी पट्टीत धूळ साचून माती झालेली असते, मातीत शेवाळ, आणि शेवाळावर एखादं नखाएवढं रोप. मुठीपाशी बोटांनी घासून रंग उडालेला एक अर्धगोल असतो. ते दार रोज उघडणाऱ्या माणसाची तेवढीच खूण उरलेली असते. मी तो अर्धगोल प्रत्येक गाडीवर शोधतो.

अशा फोटोसाठी कॅमेरा पत्र्याला अगदी समांतर धरा, नाहीतर एक कोपरा धूसर होतो. एफ ८ ते ११, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. फ्रेममध्ये एकच गोष्ट ठेवा. फोड, मूठ आणि कोळ्याचं जाळं एकाच फोटोत कोंबलं की कुणाकडेच लक्ष जात नाही.

काच आणि क्रोम

पोलरायझर फिरवला की रंगावरची आणि काचेवरची आभाळाची चकाकी पुसली जाते आणि गाडीच्या आतलं दिसू लागतं. पण त्यालाही कोन लागतो. काचेला लंब धरलेल्या रेषेपासून सुमारे ५५ अंशांवरून पाहिलं तर सर्वाधिक परिणाम, समोरासमोर उभं राहिलं तर जवळजवळ शून्य. शिवाय तो दीड-दोन स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), म्हणून ट्रायपॉड.

उघड्या धातूवर मात्र पोलरायझर चालत नाही. क्रोमच्या बंपरसमोर तो कितीही फिरवा, चकाकी तिथेच. ती जाणार नाही असं धरूनच चाला आणि तिच्यात काय दिसावं ते तुम्ही ठरवा. गडद कपडे घाला, लांब लेन्स घेऊन कडेला सरका, म्हणजे बंपरमध्ये तुमच्याऐवजी झाडं दिसतील. एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा. क्रोममधला पांढरा डाग एकदा जळला की नंतर परत येत नाही, सावली मात्र रॉ फाइलमधून उचलता येते.

गाडीच्या आत

खिडकी उघडी असेल तर कॅमेरा आत धरा, तुम्ही बाहेर राहा. आत अंधार, बाहेर लख्ख. एकाच फोटोत दोन्ही मावत नाहीत. ट्रायपॉडवरून तीन फोटो घ्या: एक बरोबर, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. ते घरी जोडा, पण हात आखडता ठेवून. जिकडेतिकडे सारखाच उजेड, ढगांना काळी किनार आणि गंज विजेच्या दिव्यासारखा झगझगतोय, असले फोटो या विषयात इतके झाले आहेत की गंजाचाच वीट यावा. अंधार थोडा अंधार राहू द्या.

स्टिअरिंग, थांबलेला काटा, फाटक्या सीटमधून वर आलेल्या स्प्रिंगा हे तर कुणालाही दिसतं. मी आधी पायांकडे बघतो: क्लचच्या पॅडलवरचं रबर एका बाजूने किती झिजलं आहे ते. टॉर्चवर पांढरा रुमाल टाकून पलीकडच्या खिडकीतून उजेड सोडा, तेवढ्यात भागतं.

काहीही हलवायचं नाही. बाहुली उचलून सीटवर मांडली की फोटो नाटकी होतो आणि पाहणाऱ्याला ते कळतं. काहीही न्यायचं नाही, बोनेटवरचा बिल्ला तर नाहीच. आत जुनी कागदपत्रं, नावं, पत्ते सापडले तर ते फोटोत येऊ देऊ नका. नंबरप्लेटही झाका किंवा पुसट करा.

घरी आल्यावर

तीनशे फोटोंतून बारा निवडा. दुसऱ्या दिवशी त्यांतले सहा ठेवा. संपादनात नारिंगी रंग वाढवायला हात शिवशिवतील, त्याला आवर घाला. गंज मुळातच भडक असतो. काळा-पांढरा करायचा असेल तर नारिंगी छटा थोडी उजळ करा, नाहीतर गंज आणि जुना हिरवा रंग दोन्ही एकाच करड्यात विरतात.

फोटोखाली काय लिहिता त्याची जबाबदारी घ्या. शातियाँच्या गाड्यांबद्दल "महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी लपवून ठेवलेल्या गाड्या" ही गोष्ट जगभर फिरली. फोटोत मात्र युद्धानंतर कैक वर्षांनी बनलेली मॉडेलं उघड उघड दिसत होती. बीटलच्या मागच्या काचेचा तो हिशोब इथे कामी येतो. गाडी कुठली आणि कुठल्या काळातली हे खात्रीने कळलं तर लिहा, नसेल तर "चार दारांची जुनी सेदान" एवढंच पुरे. आणि जागेचा नेमका पत्ता मालकाने सांगितल्याशिवाय कुठेही टाकू नका. पत्ता फिरला की आधी बिल्ले जातात, मग काचा फुटतात, मग फाटकाला कुलूप लागतं.

मालकाला दोन छापील फोटो नेऊन द्या. फोनवर पाठवलेले विसरले जातात, छापलेले कार्यालयाच्या भिंतीवर लागतात, आणि पुढच्या वेळी तोच माणूस मागच्या कोपऱ्यातल्या, कुणाला न दाखवलेल्या गाडीपाशी घेऊन जातो.

शेवटी वही. प्रत्येक गाडीच्या एका तरी फोटोची जागा मोजून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या ऋतूत नेमक्या त्याच ठिकाणी ट्रायपॉड लावता येतो. झाड बंपरमधून किती पुढे आलं, दार केव्हा गळून पडलं, हे अशा जोडीच्या फोटोंतच दिसतं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "हिरवी सेदान, कुंपणाजवळची. उजव्या हेडलाइटपासून सात पावलं, उंची ६२ सेंमी, ५० मिमी, एफ ८. डावीकडचं झाड फ्रेममध्ये अर्धंच."